चालेल म्हणू नकोस

सांगली
५ सप्टेंबर २०२१

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल मी फोन आपटला, हे आईने तुला सांगितलंच असेल. आपटला नव्हता, ठेवला होता. जरा जोरात. बापू उद्या पुण्याला निघालाय, त्याच्याकडे चटणीचा डबा देतोय, त्यातच ही चिठ्ठी. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दिलंस की मी ओरडतो.

तो सीनिअरचा लॅपटॉप घेऊ नकोस. अठरा हजारांत स्वस्त आहे, एक ओरखडा नाही, सगळं मान्य. पण तू पाठवलेला फोटो मी मोठा करून वाचला. आय-फाइव्ह ७२००यू प्रोसेसर, म्हणजे इंटेलची सातवी पिढी. ५ ऑक्टोबरला विंडोज ११ येतंय आणि त्यांच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून आहेत. गेल्या आठवड्यात सातवीतले मोजके आत घेतले, त्यात हा नाही. अकराला लागणारी ती सुरक्षेची चिप, टीपीएम २.०, त्यात असेलही, पण गाडी अडतेय प्रोसेसरवर. फाइल उतरवून बळंच टाकता येईल म्हणतात, पण मग पुढचे अपडेट मिळतील याची हमी नाही.

तू म्हणालीस, मग विंडोज दहाच चालेल की, त्याला १४ ऑक्टोबर २०२५पर्यंत अपडेट आहेत, तोवर डिग्री होऊन नोकरीही लागलेली असेल. नाहीतर विंडोज काढून ते फुकटातलं उबंटू टाकीन. खरं सांगू? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आवाज चढला. हिशेब तुझा बरोबर आहे. पण ‘चालेल’ तुझ्या तोंडून इतकं पटकन येतं ना, तिथे माझं डोकं फिरतं.

२००६च्या दिवाळीत मीही चालेल म्हणूनच घेतलं होतं. आपल्या छपाईच्या दुकानातलं दुसरं मशीन, ५१२ एमबी रॅम. जानेवारीअखेर नवं विंडोज व्हिस्टा यायचं होतं आणि ५१२ त्याच्या किमान आकड्यात बसत होतं. किमान म्हणजे पुरेसं, असं मी धरून चाललो. चूक माझीच. ऐन लग्नसराईत टाकून बसलो. पत्रिकेच्या डिझाइनचं कोरल उघडायला लावून कोपऱ्यावर चहा पिऊन यायचो, तरी ते उघडतच असायचं. जुन्या स्कॅनरला ड्रायव्हर मिळेना. पाटलांच्या पत्रिका तीन दिवस रखडल्या, शेवटी रात्रभर बसून जुनं विंडोज एक्सपी परत टाकलं. तू काउंटरखाली बटर पेपरचे तुकडे मोजत बसली होतीस, सहा वर्षांची. आई म्हणाली, आज दूध संपलंय, कोरा चहा देऊ? तू म्हणालीस, चालेल.

तर किमान बघू नकोस. अकराचं किमान आहे ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा, आणि तेवढ्यावरही मशीन विकणारे निघतीलच. तू ८ जीबीच्या खाली जाऊ नकोस. स्लॉट रिकामा आहे का विचार. पातळ मशीनमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, मग पुढे वाढवता येत नाही. साध्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी हवीच. नव्यात इंटेलची अकरावी पिढी किंवा एएमडीचा रायझन बघ. आत्ता दहावालं घेतलंस तरी यादीतलं असेल तर अकरा फुकट मिळणार, ५ तारखेसाठी थांबू नकोस. आणि घेण्याआधी दुकानातच...

झालं माझं सुरू. तू कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला, आणि पत्रिका छापणारा बाप तुला प्रोसेसर शिकवतोय. आत्याला मात्र मी परवाच सांगितलं की आमची मनू आता आम्हाला शिकवते.

मला लिहायचं होतं ते वेगळंच आहे. जुलैत मारुती चौकाकडून पाणी यायला लागलं त्या रात्री तू दुकानातले तिन्ही सीपीयू माळ्यावर नेलेस. माझी कंबर धरली होती, मी नुसता जिन्यात उभा राहून ‘आधी एक नंबरचा!’ म्हणून ओरडत होतो. तुझा लॅपटॉप काउंटरच्या खालच्या कप्प्यात राहिला. सगळ्यांना वाटतं, गडबडीत विसरला. तुला तेव्हा आठवला नसेल, पण मला आठवला होता. शेवटच्या खेपेला मीही प्रिंटर उचलला होता. म्हटलं, हा ठेवतो आणि मग तो आणतो. परत उतरलो तर पायऱ्या बुडाल्या होत्या.

सकाळी तू म्हणालीस, ‘चालेल बाबा, जुनाच होता.’ तीन वर्षांचा होता, मनू. त्यात तुझ्या प्रोजेक्टचं किती काम होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

तुझ्या खात्यावर आज चाळीस हजार टाकलेत. पंधरा दसऱ्याच्या आत टाकतो. परत पाठवायचे नाहीत. पैसे कुठून आले विचारू नकोस. आजीच्या पाटल्यांना हात लावलेला नाही, एवढं आईला शपथेवर सांगितलंय. चटणी यंदा तिखट झालीय, दह्यात कालवून खा.

गणपतीला गुरुवारीच ये, शुक्रवारी गाडीला उभं राहायलाही जागा मिळत नाही. आणि त्या सीनिअरला नाही म्हणून कळव. टोकन दिलं असशील तर तेही सांग, चिडणार नाही. किती दिलंस?

बाबा