कासवांच्या अंड्यांना सावली हवी

संपादक महोदय,

वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी हॅचरीत, म्हणजे वाळूत कुंपण घालून केलेल्या सुरक्षित जागेत, जिवापाड जपली जातात. तरी फेब्रुवारीनंतरच्या घरट्यांची काळजी वाटते. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण ३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात. त्यापुढे माद्या वाढतात आणि वाळू सतत ३५ अंशांवर राहिली तर गर्भ अंड्यातच मरतो. उबवणीच्या मधल्या टप्प्यात लिंग ठरते आणि उशिराच्या घरट्यांचा तो टप्पा नेमका मार्च-एप्रिलच्या उन्हात येतो.

तापमापक पृष्ठभागावर ठेवून उपयोग नाही, तो अंड्यांच्या पातळीला, म्हणजे सुमारे दीड फूट खोल पुरावा. हॅचरीच्या काही भागावर माणूसभर उंचीवर शेडनेट बांधावी, खालून वारा खेळता राहील. वाळू सुकली तर पाणी हलकेच शिंपडावे. भसाभस ओतले की वाळूतली हवा जाते आणि अंडी गुदमरतात. अंडी हलवायची तर घातल्यापासून काही तासांतच, वरची बाजू वरच ठेवून. पुढे गर्भ कवचाला चिकटतो, मग अंडे उलटले तरी तो दगावतो.

लाटांनी होणारी धूप थांबवायला दगडी बंधारे बांधताना मात्र या किनाऱ्यांचा वेगळा विचार व्हायलाच हवा. बंधारा आडवा आला की भरतीरेषेवरची कोरडी वाळू मादीला मिळतच नाही आणि ती अंडी न घालताच समुद्रात परतते.

– एक कासवमित्र, दापोली