घरातले इंटरनेटचे नियम: पालक सदस्यांना आठवण

सर्व सदस्यांना नमस्कार. प्रत्येक घराने मुलांसोबत बसून इंटरनेटचे नियम कागदावर लिहून काढावेत, असं मागच्या बैठकीत ठरलं होतं. ज्यांचं राहिलंय त्यांनी येत्या रविवारपर्यंत उरकून घ्यावं. मुलांना सोबत घ्याच. वरून लादलेले नियम ती पाळत नाहीत, फक्त हिस्ट्री पुसायला शिकतात.

सगळ्यात जास्त वेळ गेममधल्या चॅटवर द्या. अनोळखी खेळाडू आधी कौतुक करतो, फुकट कॉइन देतो आणि मग म्हणतो, "इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये. घरी सांगू नकोस." हे वाक्य मुलांना जसंच्या तसं ऐकवा. असं काही आलं की खेळ थांबवून आपल्याला दाखवायचं. दाखवल्याबद्दल मोबाइल काढून घेणार नाही, हे आपणही त्याच कागदावर लिहून द्यायचं. नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगायला येणार नाही.

फोटो टाकण्याआधी गणवेशावरचं शाळेचं नाव किंवा मागची घराची पाटी दिसत नाही ना, ते बघा. (आपण टाकतो त्या फोटोंनाही हे लागू आहे बरं का!) पासवर्ड, ओटीपी जिवलग मित्रालाही नाही. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, मोठ्यांचेही.

इन्स्टाग्रामसाठी किमान वय १३ आहे. जन्मसाल खोटं टाकून खातं उघडून देऊ नका. मोठ्यांचं वय टाकलं की लहानांसाठीची सेटिंग्ज लागत नाहीत.

मुलांच्या फोनवापरावर मर्यादा घालणारी सोय, म्हणजे अँड्रॉइडवर फॅमिली लिंक किंवा आयफोनवर स्क्रीन टाइम, लावायला अडचण येत असेल, तर पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी फोन घेऊन या, लावून देऊ.