तुझ्या मुलींना श्वास मोजायला शिकव

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

तू नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून रुजू झालीस हे कळलं, फार बरं वाटलं. अभिनंदन तर आहेच, पण हक्कानं एक मागते. तुझ्या वर्गातल्या मुलींना पेशंटचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायची सवय लाव.

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, उघडून बघ. नाडी बदलते, ताप चढतो-उतरतो, आणि श्वासाच्या रकान्यात ओळीनं 20, 20, 20. भरलेल्या वॉर्डात रात्री दोघीच सिस्टर असल्या की असं होतं, हे तुला सांगायला नको. पण पेशंट बिघडायला लागला की पुष्कळदा पहिली खूण तिथेच दिसते. बीपी बराच वेळ तग धरतं, श्वास आधी वाढतो.

मध्यंतरी आमच्याकडे पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. नाडी 104, वरचं बीपी 110, ताप 99.4, ऑक्सिजन लावून सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, 97 टक्के. श्वास 20 लिहिलेला. पोस्टिंगला आलेली दुसऱ्या वर्षाची मुलगी घड्याळ घेऊन खाटेशी उभी राहिली आणि येऊन म्हणाली, "सिस्टर, 28 भरतात. आणि आजोबा सारखं 'एसटी आली का' विचारतायत." सकाळी हेच आजोबा तिच्याशी नातवाच्या दहावीबद्दल नीट बोलले होते.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 मध्ये काढलेलं आणि 2017 मध्ये सुधारलेलं न्यूज (NEWS) कोष्टक, पेशंट किती बिघडलाय ते गुणांत सांगणारं, तू वर्गात घेशीलच, तेव्हा हेच आकडे मांड. श्वास 20 धरला आणि बरळणं सोडून दिलं, तर गुण होतात 4. श्वास 28 चे 3 आणि नव्यानं झालेल्या गोंधळाचे 3 मिळवले की 10! 5 ला तातडीनं डॉक्टर हवेत, 7 ला इमर्जन्सी. म्हणजे चार्टवरचे आजोबा आणि खाटेवरचे आजोबा वेगळेच होते.

फोनवर डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "सॅच्युरेशन चांगलं आहे ना?" इथेच आपल्या मुली गप्प होतात. "पेशंट बरा वाटत नाही" एवढंच म्हटलं की "बघतो" असं उत्तर येतं. मी सांगितलं, "ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास 28, सकाळी 18 होता. आता बरळतायत, लघवी कमी झालीय. सॅच्युरेशन ऑक्सिजनवरचं आहे. सेप्सिस वाटतोय, लगेच येऊन बघा." सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं शरीरच बिघडणं, म्हणून घाई. ते आले. रक्त कल्चरला गेलं, अँटिबायोटिक सुरू झालं, आजोबा आयसीयूत गेले आणि पुढे सुधारले. त्या मुलीला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तिनं नुसतं मोजलं नाही, सकाळचा माणूस लक्षात ठेवला होता. निर्णयक्षमता म्हणून आपण जे शिकवतो ते हेच, आणि ते खाटेशी उभं राहिल्याशिवाय येत नाही.

आणखी एक, इन्सुलिनचं. एका मिलिलिटरला 40 आणि 100 युनिटच्या दोन्ही वायल (औषधाच्या बाटल्या) आणि दोन्ही सिरिंज मुलींच्या हातात दे. लाल टोपीची सिरिंज 40 ची, केशरी टोपीची 100 ची. 100 ची वायल 40 च्या सिरिंजमध्ये भरली तर डोस अडीचपट जातो. फळ्यावर लिहून हे डोक्यात राहत नाही गं.

तुमची पुढची बॅच आमच्याकडे पोस्टिंगला येणार असेल तर आधी कळव. इनचार्ज सिस्टरांशी बोलून ठेवते. आणि येताना प्रत्येकीकडे सेकंदकाट्याचं घड्याळ असू दे, मोबाइल नको.

तुझी,
माधुरी