टाकी नेमकी कुठून गळतेय, ते आधी बघा

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फ्लशच्या टाकीखाली सारखी ओल असते आणि प्लंबर उभ्या उभ्या बघून ‘आतला सगळा सेटच बदलावा लागेल’ म्हणून गेला, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तो म्हणतो तसं असेलही. पण टाकीखाली पाणी यायच्या बऱ्याच जागा असतात आणि त्यातल्या कितीतरी जागांचा आतल्या सेटशी संबंध नसतो. नवा सेट बसवला आणि ओल तशीच राहिली, तर खर्च वाया आणि मनस्ताप वेगळा. मी इथल्या घरातली टाकी अलीकडेच उघडून दुरुस्त केली, त्यामुळे सगळं ताजं आहे. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट पक्की धरून चला. थेंब जिथे लोंबतो, तिथेच गळती असेल असं नाही. पाणी टाकीच्या पाठीवरून, बोल्टवरून, नळीच्या कडेने ओघळत सगळ्यात खालचं टोक गाठतं आणि तिथून पडतं. त्यामुळे ओल कधी येते ते बघा. फ्लश केल्यावरच येते, का दिवसभर थोडी थोडी येत राहते, का टाकी भरत असतानाच? या एका प्रश्नाने अर्ध्याहून जास्त काम होतं.

सुरुवात अशी करा. टाकी, बोल्ट, अँगल कॉक (भिंतीतला पाणी बंद करायचा छोटा नळ), कनेक्शन पाइप (तिथून टाकीत जाणारी नळी), मागची भिंत, सगळं जुन्या फडक्याने खडखडीत पुसून घ्या. खाली कोरडा कागद पसरा. टाकीच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका, गडद लाल किंवा निळा असला तर उत्तम. मग अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही. हे काम आईवर सोपवा, तिची नजर बारीक आहे आणि तिला धीरही आहे.

अर्ध्या तासाने आधी कमोडच्या भांड्यात बघा. तिथे रंग उतरला असेल, तर टाकीतलं पाणी तळाच्या झडपेतून, म्हणजे फ्लश करताना उघडतं त्या तोंडातून, आत गळतंय. ही गळती जमिनीवर दिसत नाही, आवाजही करत नाही, म्हणून महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. माझ्याकडे हेच होतं. भांड्याच्या मागच्या बाजूने केसाएवढी एक लाल रेघ हळूहळू खाली सरकत होती. रंग टाकला नसता तर ती कधीच दिसली नसती. रात्री कोणी गेलेलं नसताना टाकी मध्येच भरल्याचा आवाज येत असेल, तर तेही याचंच लक्षण. पाणी झिरपत झिरपत पातळी खाली जाते, तरंगा, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा किंवा डबी, उतरतो आणि नळ आपोआप सुरू होतो.

आता खालचा कागद बघा. तो रंगीत भिजला असेल, तर टाकीतलं पाणी बाहेर येतंय: बोल्टचे वॉशर, झडपेखालचा नट, नाहीतर टाकीला तडा. पाणी स्वच्छ असेल, तर ते टाकीत शिरायच्या आधीच गळतंय, म्हणजे अँगल कॉक, कनेक्शन पाइप किंवा त्यांचे जोड. कोरडा टिश्यूपेपर एकेका जोडाला वरून खाली असा दाबत जा. जो जोड कागद पहिल्यांदा ओला करेल तो तुमचा.

स्वच्छ पाण्याचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे टाकीला बाहेरून पाणी सुटणं. आतलं पाणी गार आणि हवा दमट असली की हे होतं. तेव्हा आतल्या पाण्याच्या पातळीपर्यंतचा सगळा पृष्ठभाग सारखाच ओलसर लागतो, एका जागेवरून धार येत नाही. इथे नळाला फार गार पाणी येतं, त्यामुळे मला हे बघायला मिळालं. झडप आत गळत असली की टाकीत सतत नवं गार पाणी येत राहतं आणि टाकी दिवसभर ओली राहते. म्हणजे बाहेरची ओल आतल्या गळतीमुळेही असू शकते. माझी झडप बदलल्यावर बाहेरचं पाणीही थांबलं. म्हणून रंगाची परीक्षा टाळू नका.

किती पाणी जातंय हे बघायचं असेल, तर टाकीत आतून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारा, अँगल कॉक बंद करा आणि थांबा. समजा टाकी आतून ४० सेंमी लांब आणि १५ सेंमी रुंद आहे, तर पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे ६०० मिली पाणी गेलं. तेवढं दहा मिनिटांत जात असेल, तर दिवसाला साधारण ८६ लिटर. हा आकडा मांडल्यावर मला हे काम पुढे ढकलवेना. कॉक बंद असताना पातळी हललीच नाही, पण उघडल्यावर वाढत वाढत ओव्हरफ्लोच्या उभ्या नळीत (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या) पडत राहिली, तर झडप ठीक आहे. पाणी भरणारा व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीये.

त्यासाठी तरंगा हाताने वर उचलून धरा. पाणी थांबलं तर व्हॉल्व्ह चांगला आहे, फक्त पातळी कमी करायची. स्क्रूने किंवा क्लिपने ती ओव्हरफ्लोच्या तोंडापासून साधारण अडीच सेंमी खाली आणा. उचलूनही थांबलं नाही, तर आतल्या रबरात कचरा अडकलाय किंवा ते झिजलंय. जुना बॉल कॉक असेल तर गोळा काढून कानाशी हलवा. आत पाणी डुचमळलं तर गोळ्यात पाणी शिरलंय. तो नीट तरंगणार नाही, बदलायलाच हवा.

झडप गळत असेल तर साखळीची असेल का बटणाची, त्यावर पुढचं काम. साखळीच्या टाकीत तळाला रबराचं झाकण असतं. साखळी फार ताणलेली नको, जराशी सैल हवी. आणि इतकी लांबही नको की झाकणाखाली सापडेल. रबरावर बोट फिरवा. बोट काळं झालं, रबर मऊ पडलेलं किंवा वाकलेलं असलं, तर नवंच घाला. ज्या गोलावर ते बसतं त्याच्या कडेवरही बोट फिरवा; क्षाराचा खरखरीत थर लागला तर तो मऊ घासणीने काढा, सँडपेपर लावू नका, चरे पडले की कितीही नवं रबर घातलं तरी गळतं. बटणाच्या टाकीत झाकणाऐवजी मधोमध उभा प्लास्टिकचा सेट असतो आणि त्याच्या बुडाशी गोल रबरी सील. बहुतेक सेट जरा फिरवून उचलले की निघतात. सील धुऊन, क्षार काढून परत बसवा, कित्येकदा तेवढ्यानेच भागतं. त्याही आधी टाकीचं झाकण काढून ठेवा आणि गळती थांबते का बघा. बटणाची दांडी लांब असली तर झाकण बसवल्यावर ती सेटला किंचित दाबून धरते आणि झडप पूर्ण बंदच होत नाही.

एक माहिती तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. ब्रिटनमध्ये २००१ पर्यंत नव्या टाक्यांना अशी तळाची झडप चालतच नसे. तिथे सायफन असायचा, म्हणजे पाणी आधी वर चढून मग खाली उतरतं. पाण्याखाली उघडझाप करणारं रबरच नाही, त्यामुळे ते झिजून आत गळायचा प्रश्न नाही.

बाहेरच्या गळतीत ओल फक्त फ्लशच्या वेळी येत असेल, तर टाकी आणि कमोड यांच्या मधलं जाड रबर गेलंय. यासाठी टाकी उचलावी लागते आणि बाबा, ते तुम्ही एकट्याने करायचं नाही. रिकामी टाकीही चांगलीच जड असते. दादाला किंवा प्लंबरला बोलवा. कॉक बंद करायचा, टाकी रिकामी करायची, उरलेलं पाणी स्पंजने टिपायचं, खालचे नट सोडवायचे आणि टाकी सरळ वर उचलायची. रबर बदलताना बोल्टचे वॉशरही नवेच घाला: आतून रबरी वॉशर टाकीला लागून, धातूचा बाहेरून. नट आवळताना थोडं डावीकडचं, थोडं उजवीकडचं, असं आलटून पालटून. टाकी डुगडुगायची थांबली आणि सपाट बसली की तिथेच थांबा. जास्त जोर लावला तर चिनी माती तडकते आणि तडा गेलेल्या टाकीला लावलेला गोंद टिकत नाही.

कनेक्शन पाइपचा टाकीकडचा नट हाताने घट्ट करून पान्ह्याने जेमतेम पाव फेरा, बस. तिथे पाणी अडवतो तो वॉशर, त्यामुळे टेफ्लॉन टेप लागत नाही. टेप भिंतीकडच्या आट्यांवर. अँगल कॉक बऱ्याच वर्षांत फिरवला नसेल तर त्याच्याशी झटापट नको, आधी गच्चीवरच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. आणि ओल कमोडच्या बुडाशी, जमिनीलगत दिसत असेल, तर हे सगळं सोडा. ते खालच्या जोडाचं काम आहे, पाणी घाण असतं, प्लंबरच हवा.

टाकीत सोडायच्या त्या क्लोरीनच्या वड्या आईला बंद करायला सांगा, त्यांनी रबर लवकर खराब होतं.

रंग कुठे उतरला ते मला कळवा आणि टाकीचं झाकण काढून वरून एक फोटो पाठवा. तळाच्या गोलाची रुंदी फूटपट्टीने मोजून लिहा, रबर दोन इंची लागेल का तीन इंची ते त्यावरून ठरेल.

आईला नमस्कार.

तुमची,
ताई