हुर्राक म्हणजे औषध नव्हे

संपादक महोदय,

काजूचा हंगाम सुरू झाला की गोव्यात घरोघरी हुर्राकाची, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसापासून गाळलेल्या दारूची, बाटली येते आणि ‘ही शुद्ध आहे, बाधत नाही’ असे वडीलधारी माणसेही निर्धास्तपणे सांगतात. हा समज घातक आहे. हुर्राक असो, फेणी असो वा परदेशी व्हिस्की, तिच्यातील इथेनॉल (नशा आणणारा मद्यार्क) एकच असते. यकृतात त्याचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले असून तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे.

यकृतात चरबी साठू लागते तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही. त्या टप्प्यावर दारू सोडली तर यकृत सहसा पूर्ववत होते. मात्र सिरोसिस (यकृत कायमचे कडक होऊन निकामी होत जाणे) झाल्यावर, पोटात पाणी साचू लागल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर धावाधाव करणाऱ्या कुटुंबांच्या हाती फारसे काही उरत नाही, याचे मनापासून वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी जाणली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एकाएकी दारू बंद केल्यास झटके आणि भ्रम होऊन प्राणही जाऊ शकतो, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. ही सूचना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मराठी व कोकणीतून ठळकपणे लावावी, अशी आरोग्य खात्याला विनंती आहे.

– एक वाचक, फोंडा