चार केसांएवढं अंतर : काकांना आभाराचं पत्र

काका,
सादर नमस्कार.

निघताना तुम्ही बजावलं होतंत, "माझं नाव कुठं घालू नकोस." नाही घालत. पण पत्र उघड लिहितेय. नाशिकात माझ्यासारख्या कितीतरी घरांत वडिलांची एखादी लेन्स कपाटात रुमालात बांधून पडलेली असेल, आणि ‘आता तिचा काही उपयोग नाही’ असं त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं असेल. तुमचा नातू हे तुम्हाला वाचून दाखवीन म्हणालाय.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. पगारातून साठवून घेतलेला निकॉन एफएम२ आणि त्यावरची ५० मिलिमीटर एफ १.४ ची निकॉर ही निकॉनचीच लेन्स, एवढीच त्यांची चैन. गोदावरीला पाणी चढलं की ड्युटीवरून ते थेट गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर जायचे. घरी आले की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलंय ते आधी सांगायचे, मग बूट काढायचे. मारुतीच्या छातीला पाणी असतानाचा त्यांचा एक फोटो अजून आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. माझ्याकडे सोनीचा जुना घेतलेला मिररलेस कॅमेरा होता. त्यावर बाबांची लेन्स बसवायची आणि पुढच्या पुरात बाबा उभे राहायचे त्याच घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, एवढंच मनात होतं.

एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसवणारा अॅडॅप्टर मागवला. लेन्स खटकन बसली आणि मी हरखून गेले. आईचा चेहरा, देवघरातली समई, खिडकीतली कुंडी, सगळं इतकं सुंदर येत होतं की त्या आठवड्यात मी घरातली एकही वस्तू सोडली नाही. मग रविवारी रामकुंडावर गेले. समोरच्या काठावरची माणसं, देवळांचे कळस, सगळं पुसट. फोकसची रिंग आडव्या आठापर्यंत, म्हणजे इनफिनिटीपर्यंत फिरवून झाली, पुढे फिरायला जागाच नाही, तरी पुसट. एका दुकानात दाखवली. बघणाऱ्याने काचेला डोळासुद्धा लावला नाही. "जुनी आहे, आतून गेली असणार. नवीन घ्या." मी लेन्स परत बाबांच्या रुमालात बांधली. आईला काही सांगितलं नाही.

शाळेतल्या एका बाईंनी तुमचा पत्ता दिला. सातपूरला, घराच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली तुमचं ते टेबल. आयुष्यभर टूलरूममध्ये टर्नर म्हणून काम केलेला माणूस कॅमेरे दुरुस्त करतो हे ऐकून खरं तर मी जरा साशंकच होते. तुम्ही बॅटरी मारून लेन्सच्या आरपार बघितलंत, दोन्ही बाजूंनी, बराच वेळ. "अगं, लेन्स ठणठणीत आहे. थोडी धूळ, बाकी बुरशीचा ठिपकासुद्धा नाही. वडिलांनी जपलीय." काका, पुढचं सगळं राहू दे, त्या एका वाक्यासाठीही हे पत्र लिहिलं असतं.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. पडदा अर्धा ओढलात, रिंग इनफिनिटीवर ठेवून लेन्स खिडकीकडे धरलीत आणि तिच्या मागे एक पांढरा पुठ्ठा धरलात. पुठ्ठ्यावर लांबचं पिंपळाचं झाड उलटं उमटलं, हलत्या पानांसकट! पुठ्ठा किंचित मागे नेला की झाड विरघळायचं, पुढे आणला की पुन्हा विरघळायचं. एकाच जागी ते स्पष्ट. लेन्सच्या बैठकीपासून पुठ्ठ्यापर्यंत पट्टी लावून तुम्ही म्हणालात, "साडेशेहेचाळीस. निकॉनवाल्यांनी १९५९ साली हे ठरवलं आणि अजून मोडलेलं नाही." फ्लँज डिस्टन्स, म्हणजे लेन्सच्या बैठकीपासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं हे अंतर, हा शब्द मी कितीदा वाचला होता. कळला त्या पुठ्ठ्यावर.

मग सगळं उलगडत गेलं. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा असतो, त्याला वर उचलायला जागा लागते, म्हणून तिथली अंतरं मोठी: निकॉनचं ४६.५ मिलिमीटर, एम४२ या आटे असलेल्या बैठकीचं ४५.४६, कॅननच्या ईएफचं ४४, त्याआधीच्या एफडीचं ४२. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सोनीचं १८, फुजीचं १७.७, निकॉनच्या झेडचं १६. म्हणजे माझ्या सोनीवर बाबांची लेन्स बसवायची तर ४६.५ मधून १८ वजा, २८.५ मिलिमीटर पोकळ जागा भरून काढायची. अॅडॅप्टरला तुम्ही ‘कडं’ म्हणता. "हे कडं म्हणजे फक्त जागा. आत काच नाही, काही नाही. पण जागा मोजून पाहिजे."

तुम्ही व्हर्नियर लावून माझं कडं चार ठिकाणी मोजलंत. चारही ठिकाणी २८.८.

"चार केस एकावर एक ठेव, तेवढं जास्त आहे," म्हणालात. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय? तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर मांडून दाखवलंत: लेन्स पन्नासची, म्हणून पन्नास गुणिले पन्नास, २५००. भागिले जास्तीचे ०.३. आले ८३३३ मिलिमीटर. लेन्स तेवढीशी पुढे सरकली म्हणून तिची नजर सव्वाआठ मीटरच्या आसपास अडकली होती, त्यापलीकडे तिला नीट दिसतच नव्हतं. आमच्या घराची लांबी तेवढी नाही, म्हणून घरात सगळं सुरेख येत होतं. ते पान मी मागून घेतलं, वहीत ठेवलंय.

कडं परत करून दुसरं मागवा, असंही तुम्ही सांगू शकला असतात. त्याऐवजी पुढची रिंग धरणारे चार स्क्रू काढून नळी वेगळी केलीत आणि तुमच्या मित्राच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये मला बरोबर घेऊन गेलात. लेथच्या चकमध्ये मऊ जबडे लावून नळी धरली, डायल लावून सरळ केली, आणि एका पासला जेमतेम ०.१ मिलिमीटर असं करत फेस मारलात, म्हणजे तिचं तोंड तासलंत. दर पासनंतर थांबून मोजत होतात. त्या दोन तासांत तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत. शेवटी २८.४८ वर थांबलात. "दोन शतांश कमीच ठेवलंय. इनफिनिटीच्या जरा पलीकडे गेलेलं चालतं, अलीकडे अडकलेलं चालत नाही." आतल्या भिंतीला मॅट काळा रंगही लावून दिलात, चकाकीने फोटो फिके पडू नयेत म्हणून.

मोबदला घेतला नाहीत. ते मला अजूनही पटलेलं नाही.

त्या दिवशी जाता जाता सांगितलेल्या गोष्टींनी माझे आणि माझ्या भावाचे किती पैसे वाचले, तेही सांगायला हवं. त्याची कॅननची ईएफ लेन्स मी असल्याच साध्या कड्यावर लावणार होते. १९८७ पासूनच्या त्या लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, विजेवर चालतं, साध्या कड्यात संपर्कच नसतात, मग ते उघडंच राहणार. तिला इलेक्ट्रॉनिक अॅडॅप्टरच लागतो. आणि तीच लेन्स मित्राच्या निकॉन डीएसएलआरवर बसवायचा भावाचा विचार होता. ४४ ची लेन्स ४६.५ च्या कॅमेऱ्यावर नेली तर कडं उणे अडीच मिलिमीटरचं लागेल, ते कोण बनवणार? मधे काच घालून जमवतात, पण ती काच चांगल्या लेन्सचं पाणी करते, हे तुमचं म्हणणं मला आता पटतं. उलट निकॉनची लेन्स कॅननवर अडीच मिलिमीटरच्या चकतीने खुशाल बसते. निकॉनच्या ‘जी’ लेन्सना अॅपर्चरची रिंगच नसते, तेव्हा त्यांच्यासाठी कड्यालाच रिंग असलेलं घ्यायचं, हेही त्याच दमात सांगितलंत.

कॅमेऱ्याची सेटिंगं तुम्ही मला स्वतः करायला लावलीत. लेन्स नसतानाही शटर चालू दे, हे मेनूत आधी सुरू करायचं. फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारं फोकस पीकिंग लावायचं, पण एफ १.४ ला त्या रंगीत कडांवर विसंबायचं नाही, चित्र मोठं करून बघायचं. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या स्थिरीकरणासाठी ५० हा आकडा हाताने भरायचा, कारण कॅमेऱ्याला समोर कोण बसलंय ते कळत नाही. ऑटोफोकस गेला याचं मला वाईट वाटेल असं तुम्हाला वाटत होतं. नाही वाटलं. बाबांचा अंगठा ज्या खाचांवर फिरला, त्यांवरच माझा फिरतो.

यंदा पाणी चढलं त्या सकाळी मी शाळेला दांडी मारली. बाबांच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, पोलीस कुणाला खाली सोडत नव्हते, ते बरोबरच होतं. मी वर, दोरीच्या अलीकडे उभी राहिले. पाऊस बारीक होता, लेन्सवर आईची जुनी छत्री. एफ ५.६ ला रिंग आडव्या आठावर नेली आणि किंचित मागे घेतली. मारुतीच्या कमरेला पाणी होतं. पलीकडच्या काठावर एक बाई पोराला कडेवर घेऊन बोटाने पाणी दाखवत होती. तिच्या हातातल्या बांगड्या मोजता येतात, काका.

छापलेला फोटो पत्रासोबत नातवाकडे दिलाय. बाबांच्या फोटोशेजारी दुसरी प्रत आईने स्वतः लावली. खिळा ठोकायला मला हातसुद्धा लावू दिला नाही.

कडं आता लेन्सवरून काढतच नाही. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात दोन्ही एकत्र असतात, पुड्या तुम्ही सांगितल्याप्रमाणे महिन्याला बदलते. बाबांच्या ट्रंकेत तळाशी एक १०५ मिलिमीटर एफ २.५ सापडलीय. रिंग जड फिरते, जोर लावलेला नाही. पुढच्या रविवारी घेऊन येते. आईही यायचं म्हणतेय.

तुमची,
नाशिकरोडची मास्तरीण