वणवा विझल्यानंतरचे आठ दिवस

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिमगा जवळ आला की आपल्या अंकात ठाणे-नवी मुंबईकडच्या येऊर, घोडबंदर, पारसिक नाहीतर खारघरच्या डोंगरावरील वणव्याच्या बातम्या येऊ लागतात. बातमीचा शेवट ठरलेला असतो : आग आटोक्यात आली, जीवितहानी नाही. माणसांपुरते ते खरे असते आणि त्याचा आनंदच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जळालेल्या उतारावर कोण फिरले आणि त्यांना काय सापडले, हे छापून आलेले माझ्या वाचनात नाही. बहुधा फिरायला कुणी जातच नाही. हे पत्र त्या दुसऱ्या दिवसाबद्दल आणि त्यापुढच्या आठवड्याबद्दल आहे.

मी पशुसंवर्धन विभागातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षे शहापूर-मुरबाडकडे गेली. आता ठाण्याच्या वर्तकनगरात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडील येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहते. वन्यप्राण्यांची तज्ज्ञ असल्याचा माझा दावा नाही. भाजलेली गुरे मात्र पुष्कळ हाताळली आहेत. राब भाजताना, म्हणजे भातरोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजताना, उडालेल्या ठिणगीने पेटलेले गोठे पाहिले आहेत. भाजल्यानंतर शरीरात जे होते ते गोठ्यातल्या वासरात आणि रानातल्या भेकरात फारसे वेगळे नसते, एवढ्याच अधिकाराने लिहिते आहे.

आपल्याकडचा वणवा झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही. तो जमिनीलगत सरकतो. वाळलेले गवत, सागाची पानगळ आणि कारवी हे त्याचे खाद्य. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ नंतर २०२४ साली कारवी फुलली आणि ती पाहायला ठाणे-मुंबईकर लोटले. आठ वर्षांनी एकदा फुलून बी धरले की हे झुडूप मरते आणि मागे वाळलेल्या काठ्यांचे रान उभे राहते. फुलांचे फोटो काढून आपण घरी गेलो. त्या उतारांवर पुढच्या उन्हाळ्यासाठी सरपण रचले गेले आहे, हे फारसे कुणाच्या मनात आले नसावे.

अशा आगीतून बिबट्या, सांबर, माकडे निघून जातात. साप, घोरपड, साळिंदर बिळात शिरले तर बऱ्याचदा वाचतात, कारण आग वरून झरझर निघून गेली तर वीतभर खाली माती फारशी तापत नाही. जळतात ते ज्यांना पळता येत नाही ते. रातवा घरटे बांधत नाही, सरळ पाचोळ्यावर अंडी घालतो. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर, तित्तिराची गवतात. या सगळ्यांचा विणीचा काळ आणि आपला वणव्याचा हंगाम एकमेकांवर येतात. पानांखाली उन्हाळा काढणाऱ्या गोगलगायी जागच्या जागी भाजतात; जळालेल्या उतारावर पांढरे पडलेले त्यांचे शंख कुणालाही दिसतील, फक्त खाली बघायला हवे. आणि हरणांची पाडसे. संकट आले की निपचित पडून राहायचे, हा त्यांचा जन्मजात स्वभाव. बिबट्यापासून तो त्यांना वाचवतो, आगीपासून नाही.

आगीच्या पुढे कोतवाल आणि घारी घिरट्या घालताना दिसतात. उडालेले नाकतोडे आणि पळणारे सरडे टिपायला ते आलेले असतात. त्यांची रील काढायला उपवनच्या रस्त्यावर गाड्या थांबतात आणि नेमक्या त्या वेळी बंबाला वाट राहत नाही. यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्यावर येते. आग विझली की वनरक्षक, अग्निशमन दलाचे जवान आणि पाड्यांवरची मुले थकून घरी जातात, आणि ते साहजिक आहे. ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवणे हे काय काम आहे ते एकदा जवळून बघावे. कित्येकांच्या पायात तेव्हा साध्या चपला असतात. पण प्राण्यांची खरी परवड त्यानंतर सुरू होते. आडोसा गेलेला, चारा गेलेला, ओढे आधीच आटलेले. भेदरलेली जनावरे कडेच्या न जळलेल्या पट्ट्यात गोळा होतात, आणि येऊरला ही कड बहुतेक ठिकाणी रस्त्याला, बंगल्यांना किंवा कचऱ्याच्या ढिगाला लागून आहे. तिथे भटकी कुत्री टोळीने असतात. एरवी झाडीत नाहीसे होणारे चितळ काळ्या उघड्या उतारावर लांबून दिसते. त्यातून एखाद्याचे खूर भाजलेले असतील तर कुत्र्यांना पाठलागसुद्धा करावा लागत नाही.

खुरांचे मुद्दाम सांगते, कारण ते लगेच कळत नाही. गरम राखेवरून चाललेले जनावर पहिल्या दिवशी जेमतेम लंगडते. पुढे काही दिवसांत खूर जिथे कातडीला मिळतो तिथे सूज येते, पाणी सुटते, आणि आठ-पंधरा दिवसांत अख्खा खूर निखळू शकतो. गाय असेल तर आम्ही तिला मऊ पेंढ्यावर ठेवून औषधपाणी करायचो. रानातल्या जनावराला कोण ठेवणार? धुराचेही तसेच. धूर छातीत गेलेले जनावर आज उभे राहते, थोडे खातेही, आणि एक-दोन दिवसांनी धापा टाकत आडवे होते. म्हणून ‘बरे दिसत होते, सोडून दिले’ असे कुणी सांगितले की मला काळजी वाटते. भाजलेल्या प्राण्याला निदान काही दिवस पशुवैद्याच्या नजरेखाली ठेवल्याशिवाय सोडू नये.

माझे मागणे असे की वणवा विझल्यापासून आठ दिवस हा स्वतंत्र कामाचा काळ धरावा आणि त्याचे माणूसबळ हंगामाच्या आधीच ठरवून ठेवावे. तेवढे दिवस जळालेला भाग फिरायला येणाऱ्यांसाठी पूर्ण बंद ठेवावा. सकाळचे फिरणारे, त्यात मीही आले. रोज पहाटे, ऊन चढण्याआधी, दोन-तीन जाणत्या माणसांनी तो भाग आणि विशेषतः त्याची कड पायी पिंजून काढावी. या कामाला येऊरच्या पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा इथल्या वारली मंडळींइतके योग्य कुणी नाही. कुठल्या घळीत भेकर बसते आणि कुठल्या झऱ्याला मे महिन्यात पाणी असते, हे त्यांना पाठ असते. हंगामी अग्निरक्षक म्हणून घेतलेल्या मुलांनाच हे काम पावसापर्यंत द्यावे, रोजावर द्यावे आणि आधी चांगले बूट द्यावेत.

या फिरण्याचा आणखी एक फायदा आहे, तो क्वचितच कुणी बोलून दाखवतो. गवत जळले की शिकाऱ्यांनी लावलेली फासकी उघडी पडतात. तारेचे फासे एरवी शोधून सापडत नाहीत. वणव्यानंतर ते नुसते उचलायचे असतात. आग कुणी आणि का लावली याचा अंदाजही कधीकधी त्यावरूनच येतो. अभयारण्यात आग लावणे किंवा धोका होईल अशी जळती ठेवणे याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३० व्या कलमाने मनाई आहे, आणि ३५ व्या कलमाने ती राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. पुरावा पावसात वाहून गेल्यावर कलम दाखवून काय उपयोग?

पाण्याचे बघू. दरवर्षी काही सद्भावी मंडळी रस्त्याच्या कडेला प्लास्टिकची घमेली भरून ठेवतात. कृपया तसे करू नये. त्याने तहानलेले जनावर नेमके गाड्यांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडी येते. पाणवठा आत, वाटांपासून दूर हवा. तो भरायचे काम वनखात्याच्या टँकरचे. हौद सिमेंटचा असेल तर आत दगडांचा उतार रचावा, नाहीतर घोरपडी, मुंगूस, पिल्ले आत पडून बुडतात. राखेने भरलेले पाणी उपसून टाकावे.

चाऱ्याबद्दल माझे मत वेगळे आहे. ऑस्ट्रेलियात २०२० च्या जानेवारीत न्यू साऊथ वेल्स सरकारने वणव्यातून वाचलेल्या रॉक वॉलबींसाठी (कांगारूसारख्या लहान प्राण्यांसाठी) आकाशातून गाजरे आणि रताळी टाकली. ते व्हिडिओ आपल्याकडे खूप फिरले आणि तेव्हापासून इथेही ‘आपण हरणांना भाजी टाकू या’ असे सुचवणारे भेटतात. तिथे ते प्राणी कड्याकपारीत अडकले होते आणि आधीच दुष्काळाने खंगलेले होते. इथे जळलेल्या पट्ट्याच्या शेजारी न जळलेले रान असते. तिथे जनावरांना निर्धास्त चरता आले की पुरे. एका जागी टाकलेल्या भाजीने सगळी हरणे एकत्र येतील, मागोमाग बिबट्या येईल, आणि मग आपणच ‘बिबट्या वस्तीत’ म्हणून ओरड करू. २०१९ च्या फेब्रुवारीत समतानगरच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. त्याचा वणव्याशी संबंध नव्हता. पण बाहेर जमणारी गर्दी आवरणे हे बिबट्या आवरण्याइतकेच अवघड असते, हे तेव्हा ठाणेकरांनी पाहिले.

जखमी प्राणी नागरिकाला सापडलाच तर? एकदा भाजलेले रानमांजर दिसल्यावर मी फोन केले होते. एका कार्यालयाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, तिसऱ्याने पुन्हा पहिल्याचा. कुणाचे नाव घेत नाही, कारण प्रत्येकाच्या नियमाप्रमाणे तो प्राणी त्याच्या हद्दीत नव्हता. आता वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ हा क्रमांक आहे. पहिला फोन तिथे करावा. माणूस येईपर्यंत प्राण्यावर टॉवेल किंवा सुती कापड टाकून, भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवावे. बिबट्या, माकड, साप यांना मात्र हात लावू नये. भाजलेल्या जागी साधे पाणी चालेल, बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको. ते खरवडून काढताना कातडी सोबत येते आणि ते काम आमच्यासारख्यांना करावे लागते. ग्लानीत असलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये, ते फुप्फुसात जाते. पाडस एकटे दिसले म्हणून उचलून आणू नये. आई अनेकदा जवळच असते आणि आपण हटल्यावरच येते. ते भाजलेले नसेल, कुत्री जवळपास नसतील, तर लांबून लक्ष ठेवावे आणि कळवावे. घरी आणून पाळणे हा तर गुन्हाच आहे.

हे झाले मोकळ्या प्राण्यांचे. पिंजऱ्यातल्यांचे काय? बोरिवलीच्या बाजूला वाघ-सिंहांची सफारी आणि बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. ठाणे-नवी मुंबईच्या डोंगरकडेला कुत्री, गुरे, घोडे ठेवणारी छोटी निवाराघरेही आहेत. तिथल्या प्राण्याला पळण्याचा पर्याय आपणच काढून घेतलेला असतो. सवयीअभावी ऐन वेळी काय होते ते गोठ्यांच्या आगीत मी पाहिले आहे : दार उघडे असूनही बिथरलेली गाय बाहेर येत नाही, उलट आत शिरते. म्हणून वाहतुकीच्या पिंजऱ्यात आपणहून शिरायची सवय आधीपासून, रोज तिथेच खायला घालून, लावावी लागते. कुठला प्राणी कुठल्या गाडीत, चावी कुणाकडे, गाडी कुठे न्यायची, हे भिंतीवर लिहिलेले हवे. कुंपणालगतचे गवत आणि पाचोळा फेब्रुवारीच्या आधी काढलेला हवा. नायलॉनचा कासरा किंवा म्होरकी आगीच्या दिवसांत नकोच. ती वितळून कातडीत रुतते. पाड्यांवरच्या लोकांनाही हेच सांगणे : धूर दिसला की आधी शेळ्या-गाई दाव्यातून सोडा, सामानाचे नंतर.

शेवटी वृक्षारोपण. वणव्याची बातमी आली की जून उजाडताच बॅनर, टोप्या आणि रोपे घेऊन मंडळी जळालेल्या डोंगरावर चढतात. हेतूबद्दल शंका नाही. पण पहिल्या दोन पावसांत गवत आपले आपण येते, कारवीचे बी मातीत असते, सागाला बुंध्यातून फूट येते. खड्डे खणून आणि पायांनी तुडवून आपण तेच कोवळे रान मोडतो. अर्धवट जळालेली वठलेली झाडे ‘साफसफाई’ म्हणून तोडू नयेत. सुतार, तांबट आणि पिंगळे त्यांच्याच ढोल्यांत राहतात. ज्यांना खरेच श्रमदान करायचे आहे त्यांनी जानेवारीत यावे आणि वनखात्याला विचारून जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करायला हात लावावा. तेव्हा फोटो तितके हिरवे येत नाहीत, एवढीच अडचण.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. वणव्याच्या प्रत्येक बातमीखाली अग्निशमन दलाचा १०१ आणि वनविभागाचा १९२६ हे दोन क्रमांक ठळक छापावेत. आणि जो वार्ताहर आग पाहायला जातो, त्यालाच आठव्या दिवशी वनरक्षकासोबत पुन्हा पाठवावे. किती प्राणी सापडले, किती उपचाराला गेले, पाणवठा भरला का, फासे निघाले का, एवढेच विचारायचे. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे.

आपली,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)